तालुका कोर्टातून विधानसभेत जायचंय? मग आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुका कोर्टात सात-आठ वर्षं दिवाणी प्रॅक्टिस झालीय, वकिलांच्या बारमध्ये आणि गावागावात ओळख चांगली आहे, आता विधानसभेला उभं राहायचं मनात आहे. तर वकिलीचा आमदारकीत खरंच उपयोग होतो का, वकिलीची सनद (परवाना) सोडावी लागते का, आणि असं करिअर नीट करून दाखवलेलं कुणी आहे का?

वकीलसाहेब, मी आयुष्यभर जिल्हा कोर्ट आणि हायकोर्टात प्रॅक्टिस केली आणि त्याच्या जोडीला वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांना तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), अशासकीय बिलं (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायची) ड्राफ्ट करून द्यायचं काम केलं, अजूनही करतो, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, आपल्याला सभागृहात भाषण करणारे वकील भरपूर मिळतात, पण समोर आलेलं बिल शेवटच्या पानापर्यंत वाचणारे फार कमी मिळतात, आणि तुम्ही जाणार असाल तर या कामासाठी जा.

आधी शेवटचा प्रश्न घेतो. असं करिअर कुणी केलंय, तर ॲड. गणपतराव देशमुखांनी केलंय, सांगोल्याच्या आबांनी. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, कायदा शिकून सांगोल्यात वकिली करायला आले आणि १९६२ ला शेकापच्या (शेतकरी कामगार पक्षाच्या) तिकिटावर पहिल्यांदा निवडून आले. त्यानंतर त्याच एका मतदारसंघातून एकूण ११ वेळा, शेवटचं २०१४ ला. २०१९ ला स्वतःहून थांबले, २०२१ च्या ३० जुलैला गेले. लोक एवढंच सांगतात, ११ वेळा आमदार, एसटीने फिरायचे, साधे राहायचे. ते सगळं खरंच आहे पण तुमच्यासारख्याने त्यातलं दुसरंच बघायला पाहिजे. एक म्हणजे ते मधे दोनदा पडलेत. १९७२ ला पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले आणि १९९९ ला परत आले. पडल्यावर ते सांगोला सोडून कुठे गेले नाहीत, पक्ष बदलला नाही, राज्यसभा-महामंडळ असलं काही मागत बसले नाहीत. दुसरं म्हणजे १९७८ चं पुलोद (शरद पवारांचं आघाडी सरकार) आणि १९९९ नंतरचं मंत्रिपद सोडलं तर हा माणूस जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकावर होता, तेही लहान पक्षाचा. म्हणजे सरकारकडून हक्काने काही मिळेल अशी जागाच नव्हती, जे मिळवायचं ते प्रश्न विचारून, नियम दाखवून, लोक जमवून आणि मंत्र्याला अडचणीत पकडून.

सांगोला म्हणजे माणदेश, पर्जन्यछायेतला तालुका, कायमचा दुष्काळी. तिथल्या पाण्याची लढाई बघा कशी झाली. कृष्णेच्या पाण्याचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ चा, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असं त्यात होतं. म्हणजे तोपर्यंत वाट्याचं पाणी अडवून वापरात आणलं नाही तर पुढच्या वेळी आपली बाजू लंगडी पडणार. ही तारीख निवाड्याच्या कागदात सगळ्यांसमोर होती. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव या मंडळींनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या, १३ दुष्काळी तालुक्यांतले लोक एकत्र आणले, आणि मागणी त्या निवाड्याला धरून केली. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळाचा कायदा आला, टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजना पुढे सरकायला लागल्या. अजूनही सगळ्या शिवारात पाणी पोचलंय असं नाही. पण रस्त्यावरची मागणी आणि कागदावरची तारीख एकत्र ठेवली की सरकारला 'बघू, करू' म्हणणं अवघड जातं, आणि ते एकत्र ठेवायचं काम वकील माणसाला जमलं पाहिजे.

आता उपयोग कुठे होतो ते. मतं मिळवायला सनदेचा उपयोग नाही, तुमच्या ऑफिसमधल्या बाकाचा उपयोग आहे. तालुक्याच्या वकिलाकडे रोज कोण येतं बघा, वाटणीचा दावा, कुळाची ३२-ग ची (कूळ कायद्याखाली जमीन विकत घेण्याची) जुनी भानगड, सातबाऱ्यावर चुकून लागलेलं नाव, बांधावरून मारामारी, बायकोची पोटगी, पतसंस्थेचं कर्ज. तालुक्यात सरकार नेमकं कुठे अडतं हे तुम्हाला तहसीलदाराइतकंच माहिती असतं. त्यातून जी माणसं जोडली जातात ती तुमच्या शब्दावर येतात, पण त्यालाही पंधरा-वीस वर्षं लागतात हो, एका निवडणुकीच्या आधी बॅनर लावून होत नाही. शिवाय एक अडचण फक्त वकिलालाच असते, प्रत्येक दाव्यात समोर एक पार्टी असते, म्हणजे तुम्ही जितके क्लायंट जोडले तितकेच विरोधी पक्षकारही तयार झाले. म्हणून समोरच्या पार्टीशी कोर्टाबाहेर नीट वागणं, तडजोडीची शक्यता असेल तर स्वतः पुढाकार घेणं, लोकअदालतीत मॅटर मिटवणं, याची किंमत निवडणुकीत कळते. मी अशा गावांत गेलोय जिथे हरलेली पार्टीसुद्धा म्हणते की वकील सरळ होता.

सभागृहात गेल्यावर मात्र सनदेचा उपयोग सुरू होतो. तारांकित प्रश्न कधी नीट वाचलाय का? त्याचा साचा ठरलेला असतो, सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, (१) अमुक तालुक्यात अमुक योजनेचं काम अमुक महिन्यापासून बंद असल्याचं निदर्शनास आलं, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तर कसं येतं? 'हे खरे नाही.' 'अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' आपण दिवाणी वकील हे कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, रोज वाचतो, मजकूर खरा नाही व कबूल नाही! नवीन आमदार 'हे खरे नाही' वाचून गप्प बसतो. वकील बसत नाही, कारण त्याला माहिती असतं की मोघम नकार दिला की पुढचा प्रश्न कागद घेऊन विचारायचा. पण त्यासाठी पहिला भाग पक्का लागतो. 'काम रखडलंय' असं लिहिलंत तर मंत्री म्हणणार रखडलेलं नाही, प्रगतीत आहे. 'अमुक तारखेचा कार्यारंभ आदेश असून आजअखेर पाइपलाइन टाकलेली नाही' असं लिहिलंत तर त्याला खरं किंवा खोटं यातलं एक म्हणावंच लागतं. मग उपप्रश्नाला उभे राहिलात की हातात कार्यारंभ आदेशाची कॉपी पाहिजे आणि प्रश्न एकच, छोटा. बरेच आमदार उपप्रश्नाच्या नावाखाली पाच मिनिटं भाषण करतात आणि मंत्री त्यातल्या सगळ्यात सोप्या वाक्याला उत्तर देऊन मोकळा होतो. उलटतपासणीत आपण ज्युनियरला जे शिकवतो तेच इथे लागू आहे, एका वेळी एक गोष्ट आणि उत्तर माहीत नसेल तर विचारू नका.

लक्षवेधी नियम १०५ खाली, मोठी चर्चा २९३ खाली, स्थगन प्रस्तावाचा नियम वेगळा, हे सगळं विधानसभा नियमांच्या पुस्तकात आहे, ते पुस्तक लहान आहे आणि दिवाणी प्रक्रिया संहिता वाचणाऱ्याला अजिबात अवघड नाही. विधानभवनात वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे कार्यक्रम होतात, लायब्ररी उत्तम आहे, तिथल्या जुन्या कार्यवाहीचे खंड काढून बसा एखादा दिवस.

आता मुख्य गोष्ट, बिल. अधिवेशनात बिलं कधीकधी गोंधळात, घोषणा चालू असताना, काही मिनिटांत पास होतात. मला याचा मनापासून त्रास होतो कारण त्याच बिलाचा अर्थ लावायला पुढे वीस वर्षं आपण वकील आणि आपले पक्षकार कोर्टात झिजतो. बिल हातात आलं की मी आमदारांना सांगतो शेवटाकडून वाचा. शेवटी उद्देश व कारणे यांचं निवेदन असतं, त्यात सरकार काय म्हणतंय ते कळतं. त्याच्या आसपास वित्तीय ज्ञापन असतं, खर्च कुठून येणार ते. आणि एक असतं प्रत्यायोजित विधानासंबंधीचं ज्ञापन, ते कुणीच वाचत नाही आणि सगळं तिथेच असतं. कोणत्या कलमाखाली सरकारला नियम करायचे अधिकार दिलेत त्याची यादी. मग मूळ कलमाकडे या, तिथे लिहिलेलं असतं 'विहित करण्यात येईल अशा रीतीने', 'राज्य शासन अधिसूचनेद्वारे ठरवील अशी व्यक्ती'. म्हणजे कुणाला लाभ मिळणार, किती दंड, अपील कुणाकडे, हे सभागृहाने ठरवलेलंच नाही, उद्या मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीवर ठरणार. इथे दुरुस्ती सुचवायची. अपील कुठे आणि किती दिवसांत ते कलमातच लिहा, एवढी एक दुरुस्ती मान्य झाली तरी हजारो लोकांचे हेलपाटे वाचतात. परंतुकं, म्हणजे कलमातल्या 'परंतु' ने सुरू होणाऱ्या अटी, दोनदा वाचा, दिलेला हक्क काढून घ्यायचं काम बहुतेक वेळा परंतुक करतं.

कायद्यात लिहिलं की काय फरक पडतो याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण रोजगार हमी. वि. स. पागे, जे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला हा प्रयोग सुरू केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर योजना झाली. पण तोपर्यंत ती शासन निर्णयावर चालत होती, म्हणजे सरकारच्या मर्जीवर. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि मग काम मागितल्यावर १५ दिवसांत काम नाहीतर बेकारी भत्ता हा मजुराचा हक्क झाला. भत्ता कमीत कमी दिवसाला १ रुपया होता, रक्कम मोठी नव्हती, पण मजूर मागणारा न राहता दावेदार झाला. आणि पैसा? आपण वकील मंडळी दरवर्षी जो व्यवसाय कर भरतो ना, तो १९७५ चा कायदा या रोजगार हमीसाठी पैसा उभा करायलाच आणला होता. हक्क एका कायद्यात, पैसा दुसऱ्या कायद्यात, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले. जीआर रातोरात बदलतो, कायदा बदलायला परत सभागृहात यावं लागतं, सगळ्यांसमोर. तालुक्यात एखादी योजना चांगली चाललेली दिसली की आमदाराने विचारायचं, ही जीआरवर आहे की कायद्यात?

आता तुम्ही म्हणाल विरोधी पक्षातल्या एकट्या आमदाराचं बिल कधी पास होतं का. होत नाही बहुतेक. अशासकीय बिलाला शुक्रवारी थोडा वेळ मिळतो, मंत्री म्हणतात शासन विचार करील, बिल मागे घ्यावं, आणि ते मागे घेतलं जातं. तरी मांडायचं. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर म्हणून मुंबईत प्रॅक्टिस करत होते, १९३७ ला मुंबई विधानसभेत निवडून आले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी खोती पद्धत रद्द करायचं बिल मांडलं. कोकणातल्या कुळांच्या डोक्यावर बसलेला खोत काढायचा, हे नुसत्या ठरावात न म्हणता कलमं लिहून मांडलं. ते बिल पास झालं नाही. पण मागणी एकदा कलमांत लिहिली गेली की ती कुणाला विसरता येत नाही, आणि मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ ला झाला. औद्योगिक कलह विधेयकाच्या वेळी, १९३८ ला, त्यांनी सभागृहात कलमाकलमावर विरोध केला, मतांनी हरले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संप झाला. वकिलाला हे पचायला वेळ लागतो. कोर्टात चांगला मुद्दा असला तर जज तो ऐकतो, निदान निकालपत्रात त्याला उत्तर द्यावं लागतं. सभागृहात मोजणी असते. मुद्दा तुमचाच बरोबर असतो आणि 'होय' म्हणणारे समोर जास्त असतात. ज्यांना हे सहन होत नाही ते वकील आमदार एका टर्ममध्ये कडवट होतात, मी बघितलेत.

सनदेचं. आमदार राहून वकिली करता येते. बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करू देत नाही, पण आमदार-खासदार कुणाचे नोकर नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २५ सप्टेंबर २०१८ ला अश्विनी कुमार उपाध्याय केसमध्ये स्पष्ट केलंय. याच्या मागे आपल्याच राज्यातली एक केस आहे, आर. एस. नायक विरुद्ध ए. आर. अंतुले, १९८४ ची. अंतुले स्वतः बॅरिस्टर आणि माजी मुख्यमंत्री, त्यांच्याविरुद्धच्या खटल्यात घटनापीठाने सांगितलं की आमदार हा भारतीय दंड विधानाच्या कलम २१ च्या अर्थाने लोकसेवक नाही. मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ नंतर चित्र बदललंय, त्या कायद्याखाली आमदार लोकसेवक धरला जातो, आणि मत देण्यासाठी किंवा भाषणासाठी पैसे घेतले तर विशेषाधिकाराचं संरक्षण नाही हे ४ मार्च २०२४ च्या सीता सोरेन निकालात सात न्यायाधीशांनी सांगितलंय. मंत्री झालात तर सनद स्थगित ठेवायची, यात वाद घालू नये.

सरकारी वकिलांच्या पॅनेलवर असाल तर जास्त काळजी घ्या. अनुच्छेद १९१ मध्ये लाभाच्या पदाची अपात्रता आहे. राजस्थानात कोलायतहून १९६७ ला निवडून आलेल्या वकील कांता कथुरिया यांची निवड हायकोर्टाने याच मुद्द्यावर रद्द केली होती, त्या एका प्रकरणापुरत्या विशेष सरकारी वकील होत्या म्हणून. सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या, बहुमताने ते 'पद'च नाही म्हटलं, पण मधे विधिमंडळाला पूर्वलक्षी कायदा करावा लागला आणि पाच न्यायाधीशांतले दोघं 'पद' या मुद्द्यावर वेगळ्या मताचे होते. एवढी रिस्क कशाला? उमेदवारी अर्ज भरायच्या आधी पॅनेलचा राजीनामा द्या आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात घ्या. फॉर्म २६ च्या शपथपत्रात आंदोलनातले जुने गुन्हे सगळे लिहा, रास्ता रोकोचा दहा वर्षांपूर्वीचा एफआयआरसुद्धा, दुसऱ्याच्या निवडणूक याचिकेत आपण हेच शोधत बसतो की नाही? निकालानंतर ४५ दिवस तो रस्ता उघडा असतो.

वकिली चालू ठेवावी असं मी का म्हणतो ते पैशाशी जोडलेलं आहे. विधानसभेच्या खर्चाची मर्यादा कागदावर ४० लाख आहे, प्रत्यक्ष काय चालतं ते तुम्ही तालुक्यात बघताच. ज्याचा स्वतःचा धंदा बंद पडलाय तो आमदार पुढच्या निवडणुकीसाठी ठेकेदाराकडे बघतो. ज्याचं ऑफिस चालू आहे, ज्युनियर मॅटर सांभाळतायत, घर त्यावर चालतंय, त्याला नाही म्हणता येतं. फक्त मतदारसंघातल्या लोकांच्या आपापसातल्या दाव्यांत आणि ज्या विषयावर सभागृहात बोलणार त्यातल्या मॅटरमध्ये वकीलपत्र घेऊ नका. न्यायप्रविष्ट बाब सभागृहात काढता येत नाही आणि न्यायाधीशाच्या वर्तनावर चर्चा अनुच्छेद २११ ने बंद आहे, आपलं हरलेलं मॅटर सभागृहात न्यायचा मोह वकिलालाच जास्त होतो.

तिकीट नाहीच मिळालं तर विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आहे, राज्यात असे ७ आहेत, वय ३० पूर्ण लागतं, टर्म ६ वर्षांची. तिथली मतदार यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने होते, फॉर्म १८ भरून, त्यामुळे जो आधी दोन वर्षं गावोगाव फिरून पदवीधरांची नोंदणी करतो तो निम्मी निवडणूक तिथेच करतो. बारची साथ असेल तर वकिलाला हे जमण्यासारखं आहे.

तोपर्यंत एक काम करा. मागच्या अधिवेशनातली बिलं विधानमंडळाच्या वेबसाइटवर आहेत, त्यातलं महसूल किंवा सहकाराचं एखादं घ्या, प्रत्यायोजित विधानाचं ज्ञापन आधी वाचा, मग त्यातली कलमं, आणि तुमच्या ऑफिसात येणाऱ्या कोणत्या माणसाला ते कुठे अडवणार ते एका पानात लिहा, सोबत कुठली दुरुस्ती सुचवाल तेही. ते इथेच टाका, मी वाचून सांगतो.